गाण्यावर पळवणारे सर

सर स्वतः कधी पळाले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण जिंतुरात आजही त्यांचा विषय निघाला की लोक म्हणतात, "लय पोरं पळवली त्या माणसानं." पळवली हे खरं. पण मी त्यांच्याकडे सव्वा वर्ष होते आणि त्या सव्वा वर्षात त्यांना मोटारसायकलवरून उतरून दहा पावलं घाईनं टाकतानाही पाहिलं नाही. पाऊस आला तरी ते भिजत, चालतच शेडमध्ये जायचे.

त्यांची पोलीस भरतीची अकॅडमी होती. येलदरी रोडला गाव संपतं तिथं एक पत्र्याचं शेड, शेडवर फ्लेक्स आणि मागं गायरानाचा मुरमाड तुकडा. त्याच्यावर चुन्याची फक्की मारून चारशे मीटरचा गोल आखलेला. त्याला आम्ही मैदान म्हणायचो. पहाटे साडेपाचला सर यायचे. अजून उजाडलेलं नसायचं, तरी डोळ्यांवर काळा गॉगल. अंगात हिरव्या-काळ्या ठिपक्यांचा लष्करी टी-शर्ट आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजलेली मी कधी ऐकली नाही. तिचं काम गाणं करायचं. गाडीच्या मागच्या सीटवर सायकलच्या ट्यूबनं एक स्पीकर आवळून बांधलेला असायचा, चांगला गुडघ्याएवढा. सर गाडी सुरू करायचे, गाणं लावायचे आणि गोलावर आमच्या पुढं निघायचे. आम्ही चाळीस-पन्नास पोरं-पोरी त्यांच्या मागं, गाडीचा धूर आणि मुरमाचा धुरळा खात.

"गाणं पळतंय," ते म्हणायचे. "तुमी फकस्त त्याच्या मागं राहायचं. गाणं बंद, पळणं बंद."

यातलं शेवटचं अगदी खरं होतं. स्पीकरची चार्जिंग संपली की सगळी बॅच जागच्या जागी थांबायची. पाय थकलेले नसायचे, दम लागलेला नसायचा, तरी थांबायची. मग सर शेडमध्ये जाऊन स्पीकर चार्जिंगला लावायचे आणि आम्ही अर्धा तास उकिडवे बसून शेंगदाणे खायचो. याला ते 'रिकव्हरी' म्हणायचे.

एकदा गाणं ऐन रंगात असताना त्यांच्या बायकोचा फोन आला. फोन स्पीकरला जोडलेला. गाणं बंद झालं आणि त्या अख्ख्या गायरानावर काकूंचा आवाज घुमला. "आवं, ऐकायलाव का? सिलिंडर संपलाय. काल सांगितलं व्हतं, परवा सांगितलं व्हतं. आता चहा कशावर करू, तुमच्या गाण्यावर?" सरांचा एक हात हँडलला, दुसरा खिशात फोन शोधायला, गाडी डुगडुगायलेली. काकू पूर्ण एक फेरी बोलल्या. सरांची गाडी थांबली नाही म्हणून आम्हीही मागं पळत राहिलो. त्या महिन्यातली आमची सगळ्यात वेगाची फेरी तीच. सरांकडे गाण्यांची एक वही होती. कोणत्या गाण्यावर बॅचनं किती वेळ घेतला हे ते रोज त्यात लिहायचे. त्या दिवशी वेळ लिहिली आणि गाण्याची जागा कोरी सोडली.

"वीस वर्षं मैदानात काढल्यात मी," असं सर प्रत्येक नव्या पोराच्या आईवडलांना सांगायचे. माझ्या बाबांनाही सांगितलं. बाबा शाळेत शिपाई. मैदानाचा माणूस म्हणजे फौजेतला नाहीतर पोलिसातला असणार असं त्यांनी धरलं आणि हात जोडले. सरांनीही त्यांना दुरुस्त केलं नाही. खरं काय ते मला महिनाभरानं कळलं. मी जिंतुरात मावशीकडे राहायचे. मावशीचे यजमान एकदा मला सोडायला आले आणि सरांना बघून हसतच सुटले. म्हणाले, "अगं, ह्यो तर आमच्या लग्नात बँजो पार्टी घेऊन आलता." मग सगळं समजलं. आधी बँजो पार्टी, मग डीजे. पुढं आवाजाचे नियम आले, पोलिसांनी दोन-तीनदा गाडी अडवली, आणि धंदा बसला. स्पीकर घरात पडून होते. वीस वर्षं मैदानात काढली ती अशी, मंगल कार्यालयांच्या. त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. मेहनतीचा धंदा होता. पण सर ते सांगत नव्हते, आणि बाबांनी जोडलेले हात मला त्यानंतर कितीतरी दिवस दिसत राहिले.

प्रवेशाच्या दिवशी ते प्रत्येकाची चाल बघायचे. मलाही शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. स्वतः डोळे मिटून खुर्चीत बसले आणि बोटांनी टेबलावर ठेका धरला. मी दोनदा गेले, दोनदा आले. मला वाटलं, माणूस काहीतरी जाणतो. पावलांचा आवाज ऐकायलाय, माझ्या चालीत काय कमी आहे ते सांगणार.

डोळे उघडून ते म्हणाले, "आडनाव काय?"

मी सांगितलं.

"हां," ते म्हणाले. "तरीच." आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी फोनवर माझं गाणं आलं. सकाळी सगळ्यांना मिळून स्पीकर, पण संध्याकाळच्या सरावाला प्रत्येकाला आपापलं गाणं, इअरफोन लावून. मला आलं होतं भीमगीत. दुसऱ्या दिवशी मी इतरांना विचारत गेले तेव्हा सरांचं सगळं शास्त्र कळलं. पाटलांच्या पोराला पोवाडा. तांड्यावरच्या दोघी बहिणींना बंजारा गाणं. धनगरांच्या पोराला गजी ढोल. जिंतुरातल्याच रुबीनाला कव्वाली. सरांना वाटायचं, माणसाच्या रक्तात एक ठेका असतो आणि तो ज्याच्या त्याच्या आडनावात सापडतो. चाल बघायचं नाटक कशासाठी होतं ते मला अजून कळलेलं नाही.

पोरांना ते हाकही गाण्यानंच मारायचे. "ए पोवाडा, पाय उचल." "ए कव्वाली, खांदे ढिले सोड." मला हाक मारायची वेळ आली की मात्र त्यांची जीभ अडायची. मोठ्यानं म्हणावं की न म्हणावं असं त्यांचं व्हायचं, आणि शेवटी ते नुसतं "ए, तू" म्हणायचे. सव्वा वर्षात मी त्यांच्यासाठी 'ए, तू'च राहिले.

मला ते गाणं नको होतं असं नाही. ती गाणी मी पाळण्यात असल्यापासून ऐकलीत. पण आमच्या घरी ती बसून ऐकतात. ती लागली की बाबा हातातलं काम खाली ठेवतात, आई चुलीपुढून उठून दाराशी येऊन उभी राहते. ते गाणं कानात सुरू झालं की माझे पाय पळायच्या ऐवजी थांबायला बघायचे. पन्नास मीटर गेले की बाबा डोळ्यांपुढं यायचे, घसा भरून यायचा, आणि घसा भरला की श्वास कुठून घ्यायचा? सरांना एकदा सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "भरून येतंय म्हंजे लागू पडायलंय."

रुबीनाची अडचण वेगळी होती. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, उंच, शांत, आणि आमच्यातली सगळ्यात चांगली धावपटू. दोन भरत्या थोडक्यात हुकलेल्या. ही तिची शेवटची, कारण पुढच्या वेळी ती वयात बसणार नव्हती. शिवणकाम करून घर सांभाळायची आणि दुपारची उरलेली शिलाई टाकून संध्याकाळी मैदानावर यायची.

"मेरे को कव्वाली सुनून झोप येते," ती मला एकदा म्हणाली. "अब्बा जुम्याच्या दिवशी लावून झोपायचे ना दुपारी. ते आठवतंय."

"मग माझं ऐकून बघ," मी म्हणाले.

आम्ही फोन बदलले. तिनं दोन फेऱ्या मारल्या आणि येऊन म्हणाली, "हे लय तगडं हाय गं. ह्याच्यावर डोंगर चढंल माणूस." मलाही कव्वालीच्या टाळ्या बऱ्या पडल्या. शब्द निम्मे कळत नव्हते, त्यामुळे घसा भरायचा प्रश्न नव्हता. पंधरा दिवस आम्ही अशाच बदलून पळालो. दोघींचीही वेळ सुधारली.

सरांना एक घाणेरडी सवय होती. तिला ते 'कान तपासणी' म्हणायचे. पोर पळून आलं, घामानं निथळत उभं असलं, की त्याच्या कानातलं इअरफोनचं बोंडूक ते स्वतःच्या हातानं काढायचे आणि आपल्या कानात घालून बघायचे. दिलेलं गाणंच वाजतंय ना याची खात्री करायला. एकाचं काढलेलं पुसायचं आणि मग घालायचं, एवढंही नाही. आम्ही मुलींनी मग आधीच एक बाजू काढून हातात धरायला सुरुवात केली. ते ती हातातून घ्यायचे.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी माझी बाजू कानात घातली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय वाजायलंय?"

"कव्वाली, सर."

"तुला कव्वाली दिली व्हती का मी?"

"न्हाई सर. रुबीनाची हाय."

"आन् तिच्या कानात?"

"माझं."

सरांनी गॉगल काढला. ते क्वचितच काढायचे. खाली डोळे बारीक आणि थकलेले होते. "अगं, औषध हाय ते. ज्याचं त्याला. दुसऱ्याचं औषध घेती का तू?"

"वेळ कमी आलाय सर, दोघींचा. तुमच्याच वहीत हाय."

"वेळ येतंय, जातंय. रक्त बदलत न्हाई."

मला तोपर्यंत राग आलेला नव्हता. तिथं आला. "माझं रक्त तुमी कुठं तपासलं सर? आडनाव तेवढं इचारलं."

  सर खरोखर दुखावल्यासारखे म्हणाले, "पोरी, मी तुमचा मान राखून दिलंय ते गाणं. दुसऱ्या कुठल्या अकॅडमीत लावतेत का इचारून ये."

 लावत नाहीत हे मलाही माहीत होतं. आणि ते माहीत होतं म्हणूनच तो राग आजही पुरता गेलेला नाही. मान देतानाही ज्याला माझं नाव घेता येत नव्हतं, त्याचे उपकार मानायचे होते म्हणे.

आम्हा दोघींना शिक्षा झाली. अकॅडमीतली सगळ्यात मोठी शिक्षा होती बिनगाण्याच्या फेऱ्या. सर ती इतक्या गंभीरपणे द्यायचे, जणू पाणी तोडलं. इअरफोन काढून घेतले आणि म्हणाले, "चार फेऱ्या. मुक्यानं." बाकीची पोरं आमच्याकडं कीव आल्यासारखी बघायलेली. आम्ही पळालो. मला त्यातलं फार काही आठवत नाही, एवढंच आठवतं की रुबीनाची पावलं माझ्या शेजारी पडत होती, आणि चौथ्या फेरीला मी तिच्या बरोबरीनं होते. एरवी ती मला निम्मा गोल मागं टाकायची. तेव्हा मला वाटलं, रागानं पळाले म्हणून.

भरतीचा दिवस आला. सकाळी आत जाण्याआधी सरांनी आम्हाला जिल्ह्याच्या पोलीस मैदानाच्या फाटकाबाहेर गोळा केलं. आत फोन नेता येत नाही, इअरफोन तर दूरच, हे त्यांना अर्थातच माहीत होतं. सव्वा वर्ष ज्या गोष्टीशिवाय पळणं ही शिक्षा मानली, त्या गोष्टीशिवायच परीक्षा होती. मी त्यांना आधी दोनदा विचारलंही होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं आणि त्या दिवशीही त्यांनी तेच दिलं.

"मनात वाजवा."

मुलींना आठशे मीटर, म्हणजे गोलाच्या दोन फेऱ्या. रुबीनाची तुकडी माझ्या आधीची. छातीवर नंबर लावून मी रांगेत बसले होते, तिथून सगळा गोल दिसत होता. पहिली फेरी तिनं अशी काढली की शेजारच्या अनोळखी मुलीही बघायला लागल्या. घाई नाही, धाप नाही. दुसऱ्या फेरीला ती तिसरी होती आणि पुढच्या दोघी थकायला लागल्याचं दिसत होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून कव्वाली सुरू झाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सर भिंतीबाहेर गाडी लावून उभे होते. आतला पुकारा ऐकून त्यांनी रुबीनाची तुकडी ओळखली होती आणि तिचं गाणं लावलं होतं. पूर्ण आवाजात. टाळ्या भिंतीवर आपटून उलट्या यायलेल्या, ठेका धड एक नव्हता. रुबीनाची मान भिंतीकडं वळली. एक क्षणच. तिचं पाऊल आतल्या कडेच्या विटेवर पडलं, घोटा मुडपला आणि ती गुडघ्यावर पडली.

ती उठली. पळालीसुद्धा, लंगडत, आणि शेवटची आली नाही. पण जितके मार्क लागत होते तितके आता मिळणार नव्हते, हे तिला रेघ ओलांडायच्या आधीच माहीत होतं. दोन शिपाई फाटकाबाहेर धावले आणि गाणं बंद झालं.

माझ्या धावण्याबद्दल सांगायचं तर मी पहिली फेरी वेड्यासारखी काढली आणि दुसऱ्या फेरीला माझ्यात काही उरलं नाही. थोडक्यात हुकले. ते अपयश मी सरांच्या नावावर टाकत नाही. माझं वय शिल्लक होतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सर झाडाखाली केळ्यांचा घड घेऊन उभे होते. शिपायांनी त्यांना समज दिली होती, पण चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं. रुबीनाच्या गुडघ्याला ओढणी बांधलेली. तिला बघून ते म्हणाले, "स्पीकर लहान पडला."

आम्हाला समजलं नाही.

"मोठा आणाय पाहिजे व्हता. त्या पलीकडच्या वळणाला आवाज नीट पोचला न्हाई. अर्धवट ऐकू आलं की असं व्हतंय."

रुबीना शांतपणे म्हणाली, "सर, माझं वय संपलं."

"वय मनात असतंय," सर म्हणाले आणि तिच्या पुढं केळं धरलं.

तिनं ते घेतलं. मी असते तर फेकून दिलं असतं. तिनं सोलून खाल्लं, साल कागदात गुंडाळून बॅगेत ठेवलं, "येते सर," म्हणाली, आणि आम्ही बसस्टँडकडं चालायला लागलो. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती.  जिंतूर जवळ आल्यावर मला म्हणाली, "पाय बरा झाला की बघू." काय बघू, ते मी विचारलं नाही.

महिन्यानं ती मावशीच्या दारात आली. हातात सेलवरचं स्वस्त घड्याळ, बटण दाबलं की सेकंद मोजणारं.

"चल," ती म्हणाली. "तू पळ. मी धरते."

"अकॅडमीत?"

"अकॅडमीत कायकू? गायरान काय सरच्या नावावर हाय?"

आम्ही दुपारी साडेतीनला जायचो, सरांची बॅच येण्याआधी. रुबीनाची शिकवण फार थोडक्यात होती. पहिले आठ दिवस तिनं मला पळूच दिलं नाही. नुसतं चालवलं, आणि पावलं मोजत श्वास घ्यायला लावला. आत किती पावलं, बाहेर किती पावलं. "मोठ्यानं नको मोजू. ऐक." मग हळू पळणं. कुठल्या वळणाला श्वास तुटतो ते ती लांबून ओळखायची आणि पुढच्या फेरीला त्याच वळणाला उभी राहायची. बोलायची नाही, नुसती उभी राहायची. मला तिथं आपोआप खांदे सोडायची आठवण व्हायची. शिक्षेच्या त्या चार फेऱ्यांत काय झालं होतं ते मला तेव्हा समजलं. त्यात रागाचा काही संबंध नव्हता. सव्वा वर्षात मी पहिल्यांदाच स्वतःला ऐकलं होतं, आणि ज्या माणसानं ते ऐकवलं त्यानं ते शिक्षा म्हणून ऐकवलं होतं.

पुढच्या भरतीत मी लागले. यादीत नाव बघितलं तेव्हा बाबा शाळेत होते. मी आधी रुबीनाकडं गेले. ती मशीनवर होती. तिनं शिवण पूर्ण केली, दोरा तोडला, आणि मग उठून मला मिठी मारली.

चौथ्या दिवशी अकॅडमीवर नवा फ्लेक्स लागला. मध्यभागी माझा फोटो. सरांनी तो कुठून मिळवला देव जाणे. वर लिहिलेलं, 'संगीत पद्धतीची यशस्वी विद्यार्थिनी'. आणि माझ्या कानांवर फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवरून मोठे लाल हेडफोन चढवलेले. असले हेडफोन मी आयुष्यात हातात धरले नव्हते.

मी आणि रुबीना शेडमध्ये गेलो. सर मला बघून खुर्चीतून उठले. पहिल्यांदाच उठले. "या मॅडम," म्हणाले.

'ए, तू'पासून एकदम मॅडम. मधे कुठं नाव नाहीच.

"सर, फोटो काढा माझा."

"का? चांगला आलाय की."

"मी तुमच्या गाण्यावर पळाले न्हाई. बिनगाण्याची पळाले. हिनं शिकवलंय मला."

सरांनी रुबीनाकडं पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडं. त्यांना खरंच पटत नव्हतं. "मनात वाजलं असंल तुज्या," ते समजावल्यासारखं म्हणाले. "तुला कळलं नसंल. एकदा रक्तात गेलेलं जात न्हाई."

"हिच्या गुडघ्यात गेलंय ते बी जात न्हाई, सर," मी म्हणाले.

रुबीनानं माझा हात धरला.  सरांनी टेबलाच्या खणातून ब्लेड काढलं, खुर्ची बाहेर नेली, तिच्यावर चढले आणि फ्लेक्समधून माझा चेहरा गोल कापून माझ्या हातात दिला. फक्त चेहरा. हेडफोन फ्लेक्सवरच राहिले, मधे भोक. पुढच्या भरतीला त्याच भोकात मागून दुसऱ्या एका मुलीचा चेहरा चिकटवलेला मी स्वतः पाहिला.

मी आता नोकरीवर असते. सुट्टीला आले की रुबीनाकडं जाते. ती दुपारी गायरानावर पोरी घेते. पंधरा-सोळा असतात, काही खेड्यांतून एसटीनं येतात. ना शेड, ना फ्लेक्स. घड्याळ तेवढं नवीन घेतलंय. सरांची अकॅडमीही चालू आहे. पोरं कमी झाली असं लोक म्हणतात, पण सकाळी स्पीकरचा आवाज येतोच.

गेल्या सुट्टीत मी मैदानाच्या कडेला बसले होते. पोरी रेघेवर उभ्या, रुबीना घड्याळ हातात घेऊन श्वासाचं सांगत होती, आणि शेडकडून सर येताना दिसले. गाडी नाही, स्पीकर नाही. पायात नवे पांढरे बूट. चालत होते, जरा फाकत, तोंडानं श्वास घेत. मागं काकूंनी मावशीला सांगितलं होतं, डॉक्टरांनी रोज चालायला लावलंय, छातीचं काहीतरी आहे.

ते चुन्याच्या रेघेवरून निम्मा गोल आले आणि आमच्याजवळ थांबले. मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक. छातीवर हात ठेवून रुबीनाला म्हणाले, "पोरी, कानात कायतरी धडधडायलंय. तुला ऐकू येतंय का?"

"न्हाई सर. तुमचा दम हाय तो. तुमालाच ऐकू येणार."

"असं असतंय का?"

"हौ. सगळ्यांचं असतंय."

सर थोडा वेळ उभे राहून ऐकत राहिले. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. पण कीव आली असंही म्हणणार नाही.

"मग बंद कसा करायचा ह्यो?" त्यांनी विचारलं.

"बंद नक्को करू सर. थोडं बसा, मग हळू चाला."

ती त्यांना बसायला दगड दाखवत होती तोवर त्यांनी खिशातून फोन काढला, एक गाणं लावलं, आवाज वाढवला आणि फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, बरोबर छातीवर. चेहरा सैल झाला.

"आता बरं हाय," म्हणाले आणि पुढं निघाले.

रेघेवरच्या पोरी फिसकन हसल्या. रुबीनानं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, त्या गप्प झाल्या. सर हळूहळू वळणाकडं गेले, गाणं त्यांच्याबरोबर गेलं, मग शेडच्या मागं दोन्ही दिसेनासे झाले. रुबीना तोपर्यंत थांबली. गाणं पुरतं ऐकू येईनासं झालं तेव्हा तिनं घड्याळाच्या बटणावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "पळा."